ब्रेडन की पेरोन : अर्जेंटिनातील लोकानुनयवाद आणि परराष्ट्र धोरण

परराष्ट्र व्यवहार हे दीर्घकाळ राजदूत, मंत्री आणि मोठे व्यापारी यांच्यापुरते मर्यादित असलेले क्षेत्र होते, आणि युद्ध पेटल्याखेरीज किंवा धान्य महागल्याखेरीज सामान्य नागरिकाचा त्याच्याशी थेट संबंध येत नसे. विसाव्या शतकात ही स्थिती ज्या शक्तींमुळे पालटली, त्यांत लोकानुनयवादाचे स्थान मोठे आहे. लोकानुनयवाद म्हणजे निव्वळ सवलतींची खैरात नव्हे. सचोटीची, कष्टकरी जनता एका बाजूला आणि स्वार्थी प्रस्थापित दुसऱ्या बाजूला अशी समाजाची सरळ विभागणी करून, आपणच त्या जनतेचे एकमेव खरे प्रतिनिधी आहोत असा दावा करणारी राजकारणाची रीत, असा त्याचा अर्थ राज्यशास्त्रात सामान्यतः केला जातो. ही विभागणी देशाच्या सीमेबाहेर नेली, की प्रस्थापितांच्या पाठीशी एखादी परकीय सत्ता उभी असल्याचे चित्र आपोआप तयार होते आणि परराष्ट्र धोरण निवडणुकीच्या मैदानात येते. या प्रक्रियेचा आरंभ, भर आणि कोंडी असे तिन्ही टप्पे जेथे स्वच्छ पाहता येतात, ते उदाहरण म्हणजे हुआन दोमिंगो पेरोन यांच्या १९४६ ते १९५५ या कारकिर्दीतील अर्जेंटिना. परराष्ट्र व्यवहाराला जनतेच्या स्वाभिमानाचा प्रश्न बनवणाऱ्या सरकारला किती बळ मिळते आणि त्याच बळामुळे तडजोडीची वाट कशी बंद होत जाते, हे या नऊ वर्षांच्या इतिहासातून उमगते.

पेरोन यांचे राजकारण ज्या असंतोषावर उभे राहिले, तो त्यांनी निर्माण केलेला नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून अर्जेंटिनाची सुबत्ता पाम्पा या सपाट गवताळ प्रदेशातील गहू आणि गोमांस यांवर, तसेच ब्रिटिश भांडवल आणि ब्रिटिश बाजारपेठ यांवर अवलंबून होती. ब्वेनोस आइरेस बंदरातून पंख्याच्या काड्यांसारखे पसरलेले बहुतांश लोहमार्ग लंडनमध्ये नोंदलेल्या कंपन्यांच्या मालकीचे होते, तर बंदरांलगतचे मांस प्रक्रिया करणारे मोठे कारखाने ब्रिटिश व अमेरिकी कंपन्यांच्या ताब्यात होते. जागतिक मंदीच्या काळात, १९३२ साली ओटावा येथील परिषदेत ब्रिटनने आपल्या साम्राज्यातील देशांच्या मालाला प्राधान्य देण्याचे ठरवले, तेव्हा ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडचे मांस अर्जेंटिनाच्या मांसाची जागा घेईल या भीतीने तेथील सरकारने उपराष्ट्राध्यक्ष हुलियो रोका यांना लंडनला धाडले आणि १ मे १९३३ रोजी ब्रिटनचे व्यापारमंत्री वॉल्टर रन्सिमन यांच्याशी करार केला.

या रोका-रन्सिमन करारात ब्रिटनने थंड केलेल्या मांसाची आयात १९३२ च्या पातळीखाली न आणण्याचे मान्य केले. त्याच्या बदल्यात ब्रिटिश कोळशाला जकातमाफी, ब्रिटिश मालाला सवलती आणि ब्रिटिश कंपन्यांना अनुकूल वागणूक देण्याचे अर्जेंटिनाने कबूल केले, आणि मांसनिर्यातीच्या वाटपातील सुमारे ८५ टक्के हिस्सा परदेशी कारखान्यांकडेच राहिला. थंड केलेले मांस हे गोठवलेल्या मांसापेक्षा चवीला सरस व महाग असते, परंतु ते काही आठवड्यांत ग्राहकापर्यंत पोहोचावे लागते. म्हणून कारखाना, जहाज आणि लंडनमधील विक्री अशी संपूर्ण साखळी ज्याच्या हाती, त्याच्याच हाती भाव ठरवण्याची सत्ता होती. राजधानीजवळच्या सकस कुरणांवर गुरे पुष्ट करून ती कारखान्यांना विकणाऱ्या बड्या जमीनदारांना या व्यवस्थेचा लाभ मिळे, तर दूरच्या प्रांतांत वासरे वाढवणाऱ्या लहान पशुपालकांच्या पदरी पडेल तो भाव येई.

या तफावतीचा माग सांता फे प्रांताचे सिनेटर लिसान्द्रो दे ला तोर्रे यांनी घेतला. सिनेटच्या चौकशीत परदेशी कारखान्यांनी हिशेब दडवल्याचे उघड झाले, आणि एका कंपनीची कागदपत्रे ‘नॉर्मन स्टार’ या जहाजावर, डबाबंद मांसाची खूण असलेल्या पेट्यांत भरून परदेशी निघालेली सापडली. जुलै १९३५ मध्ये या विषयावरील चर्चेदरम्यान सभागृहातच गोळीबार झाला आणि दे ला तोर्रे यांचे सहकारी एन्झो बोर्दाबेहेरे ठार झाले. व्यापारी करारातील टक्केवारीसारखी रुक्ष बाब लोकांच्या मनात देशाच्या अपमानाशी जोडली गेली, ती अशा घटनांमुळे. त्याच वर्षी स्थापन झालेल्या ‘फोर्हा’ या गटातील राउल स्कालाब्रिनी ओर्तीस यांनी ब्रिटिश लोहमार्गांच्या इतिहासाची चिकित्सा करून रेल्वे ही प्रगतीची खूण नसून परावलंबनाचे साधन आहे असे मांडले, तर आर्तुरो हाउरेचे यांनी परकीयांच्या हितासाठी राबणाऱ्या स्वदेशीयांना उद्देशून, ब्रिटिशांच्या पदरी असलेल्या हिंदी शिपायांवरून आलेला ‘सिपायो’ हा शब्द रूढ केला. सत्ताधारी वर्ग आणि परकीय भांडवल यांची युती, तिच्या विरोधात उभी असलेली जनता, हा विचार अशा प्रकारे पेरोन यांच्या उदयापूर्वी दहा वर्षे तयार झालेला होता. मात्र तो पुस्तिका आणि सभा यांपुरता मर्यादित होता आणि त्याला अद्याप जनाधार मिळालेला नव्हता.

तो जनाधार कारखान्यांतून आला. मंदी आणि युद्ध यांमुळे आयात घटल्याने अर्जेंटिनात देशी उद्योग वाढले, आणि ग्रामीण प्रांतांतून आलेले लक्षावधी लोक राजधानीच्या भोवतालच्या वस्त्यांत स्थायिक झाले. जून १९४३ मधील लष्करी उठावानंतर कर्नल पेरोन यांनी श्रमखात्यासारखे दुय्यम समजले जाणारे खाते मागून घेतले, आणि वेतनकरार, निवृत्तिवेतन, भरपगारी रजा असे लाभ प्रत्यक्ष मिळवून देत संघटित कामगारांशी घट्ट नाते जोडले. ऑक्टोबर १९४५ मध्ये लष्करातील विरोधकांनी त्यांना पदावरून दूर करून अटकेत ठेवले, तेव्हा १७ ऑक्टोबरला कामगारांचे लोंढे राजधानीतील मायो चौकात उतरले आणि त्यांनी पेरोन यांची सुटका घडवून आणली. उच्चभ्रू वर्गाने तुच्छतेने ज्यांना ‘बिनसदऱ्याचे’ म्हटले, त्या लोकांनी तेच नाव अभिमानाने धारण केले.

या अंतर्गत संघर्षाला आंतरराष्ट्रीय रूप दिले ते अमेरिकेच्या राजदूताने. दुसऱ्या महायुद्धात अर्जेंटिना बहुतेक काळ तटस्थ राहिला होता, त्याच्या लष्करी राजवटीतील अनेकांना जर्मनी व इटलीविषयी सहानुभूती होती, आणि त्याने युद्ध पुकारले ते मार्च १९४५ मध्ये, म्हणजे निकाल स्पष्ट झाल्यानंतर. वॉशिंग्टनचा संशय त्यामुळे निराधार नव्हता. परंतु मे १९४५ मध्ये आलेले राजदूत स्प्रुइल ब्रेडन यांनी राजनैतिक संकेत बाजूला सारून विरोधी पक्षांच्या बाजूने जाहीर प्रचार सुरू केला, आणि पुढे वॉशिंग्टनमध्ये परराष्ट्र खात्यातील वरिष्ठ पदावर गेल्यावर, २४ फेब्रुवारी १९४६ च्या मतदानाला दोन आठवडे उरले असताना, अर्जेंटिनाच्या राजवटीचे नाझींशी असलेले संबंध मांडणारी ‘निळी पुस्तिका’ प्रसिद्ध करवली. विरोधी आघाडीत पुराणमतवाद्यांशी जवळीक असलेल्या गटांपासून समाजवादी व साम्यवादी पक्षांपर्यंत सारे एकत्र आल्याने, पेरोन यांना त्या सर्वांवर एकच शिक्का मारणे सोपे गेले. ‘ब्रेडन की पेरोन’ या तीन शब्दांत त्यांनी निवडणुकीचा अवघा प्रश्न बसवला, आणि निम्म्याहून अधिक मते मिळवून ते राष्ट्राध्यक्ष झाले. परकीय हस्तक्षेपाने लोकानुनयवादाला बळ देण्याचे इतके ठळक उदाहरण क्वचितच सापडते, कारण ब्रेडन यांच्या हेतूंपैकी एकही साध्य झाला नाही आणि पेरोन यांच्या विरोधकांवर परकीयांचे हस्तक असल्याचा डाग कायमचा बसला.

सत्तेवर आल्यावर पेरोन यांनी राबवलेले परराष्ट्र धोरण घोषणांइतके टोकाचे नव्हते. शपथविधीनंतर दोनच दिवसांनी सोव्हिएत संघाशी राजनैतिक संबंध जोडले गेले, आणि त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांची सनद व अमेरिका खंडातील सहकार्याचा चापुल्तेपेक करार यांनाही संसदेची मान्यता घेण्यात आली. जुलै १९४७ मध्ये पेरोन यांनी जगाला उद्देशून केलेल्या भाषणात ‘तिसरी भूमिका’ मांडली. भांडवलशाही आणि साम्यवाद या दोन्ही व्यवस्था नाकारणारा, आणि वॉशिंग्टन वा मॉस्को यांपैकी कोणाच्याही छत्राखाली न जाणारा मार्ग असा तिचा आशय होता. तीन दिवसांनी, १८१६ साली ज्या तुकुमान शहरात स्पेनपासून स्वातंत्र्य घोषित झाले होते, तेथेच ‘आर्थिक स्वातंत्र्या’ची घोषणा करण्यात आली. राजकीय स्वातंत्र्य पूर्वजांनी मिळवले, उरलेले आता जनता मिळवत आहे, हा त्या स्थलनिवडीमागचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागला नाही.

या काळातील सर्वांत मोलाचा बदल धोरणाच्या मजकुरापेक्षा धोरण राबवणाऱ्या माणसांत झाला. परराष्ट्रमंत्री हुआन अतिलियो ब्रामुग्लिया हे रेल्वे कामगार संघटनेचे वकील होते. दूतावासांत ‘कामगार सहचारी’ हे नवे पद निर्माण करण्यात आले. कामगार संघटनांनी सुचवलेल्या व्यक्तींना इतिहास, कायदा आणि शिष्टाचार यांचे काही महिन्यांचे प्रशिक्षण देऊन परदेशी पाठवले जाई, आणि तेथील कामगार चळवळीशी संपर्क ठेवणे, अर्जेंटिनातील नव्या श्रमकायद्यांची माहिती देणे, ही कामे त्यांच्यावर सोपवली जात. मॉस्कोच्या दूतावासात तर बेकरी कामगारांच्या संघटनेतील कार्यकर्ता गेला. जमीनदार घराण्यांतील मुलांची मक्तेदारी असलेल्या सेवेत हातांनी काम करणारी माणसे देशाची प्रतिनिधी म्हणून दाखल व्हावीत, ही लोकशाहीच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती, आणि पेरोन यांच्या राजवटीचे मूल्यमापन करताना तिचे श्रेय नाकारणे अन्यायाचे ठरेल. परंतु हे सहचारी देशाचे प्रतिनिधी होते की एका नेत्याच्या विचारप्रणालीचे प्रचारक, हा प्रश्न यजमान देशांना लवकरच पडू लागला, आणि १९५२ मध्ये पेरोनवादी संघटनांच्या पुढाकाराने खंडव्यापी कामगार महासंघ स्थापन झाल्यावर शेजाऱ्यांचा संशय अधिकच वाढला. खुद्द ब्रामुग्लिया यांच्या वाट्याला दुसराच अनुभव आला. १९४८ च्या अखेरीस बर्लिनच्या पेचप्रसंगात सुरक्षा परिषदेचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मध्यस्थीचे नेतृत्व केले व जगभर नाव मिळवले, मात्र जेथे जनता आणि नेता यांच्यामध्ये तिसऱ्या कोणालाही जागा नसते अशा राजवटीत हा लौकिक त्यांना मानवला नाही, आणि १९४९ मध्ये त्यांना पद सोडावे लागले.

आर्थिक स्वातंत्र्याच्या घोषणेचा कस लागला तो रेल्वेच्या व्यवहारात. युद्धकाळात ब्रिटनने अर्जेंटिनाचे मांस व धान्य मोठ्या प्रमाणावर उधारीने घेतले होते, त्यामुळे युद्ध संपताना सुमारे १३ कोटी पौंडांची शिल्लक लंडनमध्ये अडकून पडलेली होती. पौंड डॉलरमध्ये बदलता येतील या अपेक्षेवर अर्जेंटिनाचे नियोजन उभे होते, कारण यंत्रसामग्री मिळत होती ती अमेरिकेत, डॉलर मोजून. ऑगस्ट १९४७ मध्ये ब्रिटनने ही विनिमयसुविधा बंद केली आणि अर्जेंटिनाच्या हाती राहिलेल्या पौंडांतून विकत घेण्याजोगी एकच मोठी मालमत्ता उरली, ती म्हणजे त्याच्याच भूमीवरील ब्रिटिश लोहमार्ग. त्यांचा १५ कोटी पौंडांचा सौदा फेब्रुवारी १९४७ मध्येच ठरला होता, आणि अखेर त्याची किंमत मुख्यतः मांस व धान्य यांच्या रूपाने चुकवली गेली.

१ मार्च १९४८ रोजी राजधानीतील रेतिरो स्थानकासमोर जमलेल्या प्रचंड समुदायाच्या साक्षीने लोहमार्गांचा ताबा घेण्यात आला. ‘आता ते आपले आहेत’ हे वाक्य सर्वतोमुखी झाले. वस्तुस्थिती अशी होती की, १९०७ च्या मित्रे कायद्याने रेल्वे कंपन्यांना दिलेली जकातीतील सूट नुकतीच संपली होती, मोटार मालवाहतुकीच्या स्पर्धेमुळे त्यांचा नफा घटला होता आणि इंजिने व डबे जुने झाले होते, त्यामुळे विकणाऱ्यांनाही विक्रीची घाई होतीच. दिलेली किंमत रास्त होती की अवाजवी, याबद्दल आर्थिक इतिहासकारांत आजही एकमत नाही, कारण अडकलेल्या पौंडांचा अन्य उपयोग मर्यादित होता हेही तितकेच खरे आहे. परंतु एखाद्या व्यवहाराला राष्ट्रीय मुक्तीचा दर्जा दिल्यानंतर त्याच्या किमतीची चर्चा करणाराच देशद्रोही ठरतो. शिवाय, थांबून अधिक चांगल्या अटी मिळवण्याची मुभा अशा सरकारकडे राहत नाही. सौदेबाजीत लागणारा संयम आणि चौकाला हवी असलेली घाई यांतील हे अंतर पुढील प्रत्येक वाटाघाटीत अर्जेंटिनाला भोवले.

परराष्ट्र व्यापाराची सूत्रे या काळात १९४६ मध्ये स्थापन झालेल्या ‘इआपी’ या सरकारी महामंडळाकडे होती. शेतकऱ्यांकडून ठरावीक भावाने गहू घ्यायचा, भुकेल्या युरोपला चढ्या दराने विकायचा, आणि मधल्या फरकातून उद्योग व कामगारांचे कल्याण साधायचे, अशी त्याची रचना होती. फ्रँकोच्या स्पेनला उधारीवर गहू देण्यात आला, आणि पेरोन यांच्या पत्नी एवा यांच्या १९४७ च्या युरोप दौऱ्याने या मदतीला भावनिक झळाळी दिली. मात्र युरोपच्या पुनर्बांधणीसाठी अमेरिकेने आखलेल्या मार्शल योजनेतील डॉलर अर्जेंटिनाच्या धान्यावर खर्च होतील ही सरकारची आशा फोल ठरली, जागतिक भाव उतरले, आणि कमी भावाला कंटाळलेल्या शेतकऱ्यांनी पेराच घटवला. १९४५ च्या अखेरीस दीड अब्ज डॉलरहून अधिक असलेली सोने व परकीय चलनाची गंगाजळी १९४९ पर्यंत निम्म्याहूनही खाली आली.

येथून माघारीचा अध्याय सुरू झाला. परकीय कर्जाच्या कागदावर सही करण्यापेक्षा हात तोडून घेईन, अशा आशयाची प्रतिज्ञा पेरोन यांनी पूर्वी केली होती. म्हणून १९५० मध्ये अमेरिकेच्या निर्यात-आयात बँकेकडून मिळालेले १२ कोटी ५० लाख डॉलर हे ‘कर्ज’ नसून अर्जेंटिनी बँकांच्या गटाला दिलेली ‘पत’ आहे, असे सांगावे लागले. त्याच वर्षी अमेरिका खंडाच्या सामूहिक संरक्षणाच्या रिओ कराराला संसदेने मान्यता दिली, पण कोरियातील युद्धात सैन्य पाठवले जाणार अशी वार्ता पसरताच रोसारियो परिसरात रेल्वे कामगारांसह अनेक लोक निषेधासाठी रस्त्यावर उतरले आणि सरकारला सैन्य न पाठवण्याचा निर्णय घ्यावा लागला. ही घटना अतिशय बोलकी आहे, कारण येथे जनतेने नेत्याचेच शब्द त्याच्यासमोर धरले होते. मतभेदाला मोकळी वाट मात्र उरत नव्हती. ‘ला प्रेन्सा’ हे जुने वृत्तपत्र १९५१ मध्ये सरकारजमा होऊन देशातील कामगार महासंघाकडे गेले, आणि देश विकणारे ही विरोधकांची ओळख अधिकृत भाषेचा भाग बनली.

दुष्काळाने उरलेला आधारही काढून घेतला. ज्या देशाने जगाला गहू पुरवला, त्यालाच १९५२ मध्ये गहू आयात करावा लागला, पावात भरड धान्य मिसळले गेले आणि मांसाविना दिवस पाळण्याची वेळ आली. तेल आणि कोळसा यांची आयात परकीय चलन खात होती, तर सरकारी तेल कंपनीकडे उत्पादन वाढवण्याइतके भांडवल नव्हते. पेरोन यांनी १९५३ मध्ये परकीय गुंतवणुकीसाठी कायदा केला, अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांचे बंधू मिल्टन आयझेनहॉवर यांचे सन्मानाने स्वागत केले, आणि एप्रिल १९५५ मध्ये स्टँडर्ड ऑइल ऑफ कॅलिफोर्निया या कंपनीच्या शाखेशी पातागोनियातील सांता क्रूस भागात तेल शोधण्याचा करार केला. आर्थिकदृष्ट्या या पावलात काही तथ्य होते. परंतु पेरोन यांच्याच पुढाकाराने झालेल्या १९४९ च्या राज्यघटनेतील ४० व्या कलमाने ऊर्जेचे नैसर्गिक स्रोत ही राष्ट्राची अहस्तांतरणीय मालमत्ता ठरवली होती, आणि विरोधी रॅडिकल पक्षाचे नेते आर्तुरो फ्रोंदिसी यांनी १९४६ चीच भाषा वापरून या करारावर घणाघाती टीका केली. पेरोनवादी खासदारही अस्वस्थ झाले आणि कराराला संसदेची मान्यता मिळाली नाही. सप्टेंबर १९५५ मध्ये लष्कराने पेरोन यांना पदच्युत केले. त्यामागे कॅथलिक चर्चशी झालेला संघर्ष, दडपशाही आणि सैन्यातील असंतोष ही मोठी कारणे होती, तरी राष्ट्रवादी गटांचा आधार सुटण्यात तेलकराराचा वाटाही स्पष्ट दिसतो.

पुढील इतिहासाने हा पेच एका व्यक्तीपुरता नव्हता हे दाखवून दिले. फ्रोंदिसी १९५८ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाले आणि त्यांनी स्वतःच परदेशी कंपन्यांशी तेलाचे करार केले. १९८९ मध्ये पेरोनवादी पक्षाचेच कार्लोस मेनेम सत्तेवर आले, आणि त्यांनी रेल्वे व सरकारी तेल कंपनी खासगी हातांत दिली, आखाती संघर्षात अमेरिकेच्या बाजूने नौदलाची जहाजे पाठवली व १९९१ मध्ये देशाला अलिप्ततावादी चळवळीतून बाहेर काढले. २०१२ मध्ये त्याच परंपरेतील क्रिस्तिना फर्नांदेस दे किर्चनर यांच्या सरकारने तेल कंपनीचा ५१ टक्के हिस्सा पुन्हा राष्ट्राच्या मालकीचा केला. डिसेंबर २०२३ मध्ये सत्तेवर आलेले हाविएर मिलेई यांनी प्रस्थापितांविरुद्धचा तोच आवेश विरुद्ध दिशेला वळवून ब्रिक्स गटात सामील होण्याचे निमंत्रण नाकारले. मित्र आणि शत्रू यांची नावे बदलत गेली, तरी परराष्ट्र धोरणाचा प्रत्येक वळणबिंदू म्हणजे जनतेच्या नावाने दिलेला अंतिम कौल, ही मांडणी टिकून राहिली. त्यामुळे कोणत्याही परराष्ट्रीय भागीदाराला पुढील दहा वर्षांची खात्री देणे अर्जेंटिनाला कठीण झाले.

या इतिहासातून लोकांना परराष्ट्र व्यवहारापासून दूर ठेवावे असा निष्कर्ष काढणे घातक ठरेल, कारण ज्या व्यवस्थेत मोजक्या घराण्यांनी आपल्या गुरांच्या भावासाठी देशाची जकातव्यवस्था गहाण ठेवली, तिनेच पेरोन यांची वाट मोकळी केली होती. लोकांचा सहभाग हा दोष नव्हता. दोष होता तो लोकांना केवळ अर्धा हिशेब सांगण्यात. रेल्वे आपली झाली हे ज्यांना सांगितले गेले, त्यांना तिची किंमत, तिच्या दुरुस्तीचा खर्च आणि त्यासाठी लागणारे डॉलर यांचा हिशेबही समजला असता, हे गृहीत धरणे म्हणजेच जनतेवर खरा विश्वास ठेवणे होय. प्रत्येक राष्ट्राला शेजाऱ्यांशी, सावकारांशी आणि बलाढ्य सत्तांशी कधी ना कधी तडजोड करावी लागते. जे सरकार आपल्या नागरिकांना ती तडजोड उघडपणे समजावून सांगते, त्याला ती टिकवता येते, आणि जे सरकार तडजोडीलाच फितुरी ठरवून सत्तेवर येते, त्याला एक दिवस तीच तडजोड चोरून करावी लागते. पेरोन यांच्या नऊ वर्षांनी अर्जेंटिनातील कामगाराला जगाकडे मान वर करून पाहण्याचा हक्क मिळवून दिला, पण जगाशी करायच्या व्यवहाराचा पूर्ण हिशेब मागण्याचा हक्क त्याला दिला नाही, आणि त्या दुसऱ्या हक्कावाचून पहिला हक्कही सुरक्षित राहत नाही.